राखीव ऊन

ग्रंथपालांनी मोबाइलच्या पडद्यावरची ती पिटुकली पट्टी अंगठ्याने उजवीकडे पार टोकापर्यंत सरकवली, तेव्हा त्यांच्या मनात कुणाचंही वाईट करायचं नव्हतं. माणसाच्या हातून घराचं वाटोळं होतं ते बहुतेक वेळा असंच, अगदी चांगल्या मनाने आणि एका अंगठ्याने.

सोलारवाला तेव्हा नुकताच गच्चीवरून खाली उतरला होता. त्याला पुढच्या घरी जायची घाई होती.

"साहेब, हे ॲप. इथं ऊन किती मिळतंय ते दिसतं. इथं बॅटरी किती भरली ते. आणि ही राखीवची पट्टी. समजा लाइट गेले, तर वेळेला बॅटरीत किती शिल्लक पाहिजे, ते इथं सांगून ठेवायचं. किती ठेवू?"

ग्रंथपाल खिडकीतून वर बघत होते. पॅनेलच्या निळ्या काचेत एक ढग उलटा चालला होता आणि त्याला कुठेच पोचायचं नव्हतं. असा ढग दिसला की ग्रंथपालांना समोरच्याचं अर्धंच ऐकू येत असे. त्यांनी ऐकलं ते एवढंच, 'वेळेला' आणि 'शिल्लक'. हे दोन शब्द त्यांच्या फार आवडीचे.

"मीच ठेवतो," ते म्हणाले, आणि पट्टी शंभरावर नेऊन ठेवली. आकडा हिरवागार झाला. ग्रंथपालांना फार बरं वाटलं.

हा माणूस असा का, ते सांगायला हवं. गावातल्या ग्रंथालयात ते ग्रंथपाल होते, आणि पुस्तकांवर त्यांचं इतकं प्रेम होतं की ती कुणाला द्यायची वेळ आली की ते फडताळाची किल्ली शोधत बसत. सगळी पुस्तकं परत येऊन फडताळात खांद्याला खांदा लावून उभी आहेत आणि मधे एकही फट नाही, असा दिवस वर्षातून एखादाच उगवायचा. त्या दिवशी ते घरी येताना शीळ घालत येत. वाचक म्हणजे ग्रंथालयाला लागलेली गळती, असं त्यांचं मत होतं. (ते त्यांनी वाचकांपासूनही लपवून ठेवलं नव्हतं.) घरीही तेच. नव्या चादरी कपाटात, कारण वेळेला असाव्यात. चांगली छत्री खुंटीला, कारण पावसात खराब होईल. चहाचा शेवटचा घोटसुद्धा ते कपात तसाच ठेवत.

"हा घोट कुणासाठी?" बायको विचारायची.

"असू दे गं."

बायको मातीची भांडी करायची. मागच्या पडवीत तिचं चाक होतं आणि चाकाशेजारी विजेवर चालणारी भट्टी. कप, वाडगे, फुलदाण्या. भट्टी लागली की बायको गुणगुणायची, सूर धड नसलेलं, शब्द मुळीच नसलेलं काहीतरी. ग्रंथपाल पुढच्या खोलीत पुस्तक उघडून बसत आणि एकही ओळ न वाचता ते ऐकत. लग्नाला एवढी वर्षं झाली तरी हे त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. (तेही राखीवच.)

मग विजेचे दर चढू लागले. एक बिल आलं, दुसरं आलं, आणि भट्टी लावायचे दिवस लांबत लांबत गेले. एके दिवशी ग्रंथपाल पडवीत गेले, तर भट्टीच्या झाकणावर इस्त्रीचे कपडे रचून ठेवलेले. भट्टीचं टेबल झालं होतं. घरात गुणगुणणं कधी बंद पडलं, ते त्यांना आठवेना. आणि ज्या माणसाने आजवर छत्री उघडली नव्हती त्याने गच्चीवर पॅनेल आणि बोळातल्या भिंतीवर बॅटरी बसवून घ्यायचं ठरवलं.

"आता तू रोज भट्टी लाव," ते बायकोला म्हणाले होते. "ऊन काय, आपल्याच गच्चीवरचं."

घरात तिसरे होते सासरे. ते जन्मभर चित्रपटगृहात यंत्रावर रीळ फिरवत आले होते आणि आता निवृत्त होऊन लेकीकडे राहत होते. बॅटरीची पांढरी गुळगुळीत पेटी पाहून ते म्हणाले, "जावईबापू, छान आहे. आता निदान रात्री कोडं सोडवायला उजेड मिळेल."

मिळाला नाही.

कारण ग्रंथपालांनी नियम केले. दिवसा घरात काहीही मोठं चालवायचं नाही, कारण आधी बॅटरी भरू दे. धुण्याचं मशीन, पाण्याची मोटर, इस्त्री, सगळं दिवे लागल्यावर. म्हणजे दिवसाचं साठवलेलं संध्याकाळी वापरलं जाईल. दिवे मात्र शक्यतो लावायचे नाहीत.

"अहो, मग संध्याकाळी 'दिवे लागल्यावर' म्हणजे कधी?" बायकोने विचारलं.

"शेजाऱ्यांचे लागल्यावर."

दिवसभर उन्हाचं काय व्हायचं? बॅटरी पहिल्याच दुपारी भरून गेली होती आणि त्यानंतरचं सगळं ऊन बाहेरच्या तारेतून जगाच्या कल्याणासाठी निघून जाई. त्याचं कुणी काही देत नव्हतं. ग्रंथपालांचं तिकडे लक्षच नव्हतं. सुट्टीच्या दिवशी ते गच्चीवर आरामखुर्ची टाकून पॅनेलच्या शेजारी बसत. डोळे मिटले की त्यांना दिसे की वरून ऊन उतरतंय, तारेतून सावकाश खाली झिरपतंय आणि त्या पांढऱ्या पेटीत थरावर थर बसतंय. खाली सकाळचं कोवळं, मधे दुपारचं घट्ट, वर तिन्हीसांजेचं पातळ. आपल्या घराच्या बोळात एवढं ऊन घडी करून ठेवलं आहे, या विचाराने त्यांना तिथेच गाढ झोप लागे. उठले की खाली येऊन पेटीवर तळहात ठेवत, ताप बघितल्यासारखा.

आणि खरा चमत्कार तर संध्याकाळी घडे. मशीन घरघरे, मोटर चाले, इस्त्री तापे आणि ॲपवर आकडा शंभर. ग्रंथपाल पुन्हा बघत. शंभर. झोपताना शंभर, उठल्यावर शंभर.

"बघ!" ते मोबाइल बायकोच्या नाकापुढे धरत. "एवढं वापरूनही एक टक्का हलला नाही. याला म्हणतात माल!"

"असं कसं हो होईल?" ती कपाळाला आठ्या घालून म्हणायची. "घागरीतून पाणी काढलं की घागर कमी होतेच ना?"

"ते पाणी. हे तंत्रज्ञान."

सासरे अंधारात चाचपडत खुर्ची शोधत. "जावईबापू, अंधारात बसण्यात माझा जन्म गेला," ते म्हणत. "पण तिथे समोर पिक्चर तरी चालू असायचा."

पहिलं बिल आलं. ते आधीपेक्षा जास्त होतं.

ग्रंथपालांनी ते पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं, पत्ता आपलाच आहे ना म्हणून. मग ते वीज कंपनीच्या कचेरीत गेले.

"तुमच्या मीटरमध्ये दोष आहे," त्यांनी खिडकीतल्या बाईंना सांगितलं. "आम्ही तुमची वीज वापरतच नाही. आमची बॅटरी कायम शंभर टक्के भरलेली असते."

"मग ती वापरा ना," बाई मान वर न करता म्हणाल्या.

"वापरतो! तरी भरलेलीच असते!"

आता बाईंनी मान वर केली. त्यांनी ग्रंथपालांकडे असं पाहिलं, जसं ग्रंथपाल पुस्तक मागायला येणाऱ्यांकडे पाहत. "तुमची वीज सगळी संध्याकाळची जातेय," त्या म्हणाल्या. "तेव्हा दर सगळ्यांत जास्त असतो. पुढचे कोण?"

संध्याकाळी आपण बॅटरीवर असतो, हे बाईंना काय सांगायचं? अडाण्यांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. ग्रंथपाल घरी आले आणि त्यांनी बोळातला दिवाही काढून टाकला. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण माणूस कोरायचं सोडतो थोडाच? त्याच रात्री सासऱ्यांचा गुडघा स्टुलावर आपटला आणि त्यांनी जावयाच्या सात पिढ्यांचा नव्हे, पण दोन-तीन पिढ्यांचा तरी मोठ्याने उल्लेख केला.

दुसरं बिल त्याहून मोठं आलं. त्या महिन्यात बायकोने नवऱ्यावर विश्वास ठेवून एकदा भट्टी लावली होती, तीही त्याच्या नियमाप्रमाणे दिवे लागल्यावर.

तिने बिल वाचलं. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने हात धुतले, पुसले आणि म्हणाली, "शाळेतल्या चित्रकलेच्या बाई भट्टी मागत होत्या. देऊन टाकते त्यांना."

"अगं पण..."

"अहो, पॅनेल लावून पाहिलं, बॅटरी लावून पाहिली. अंधारात बाबांचे गुडघे फुटले. आणखी किती बघायचं? तिच्यावर कपडे ठेवण्यापेक्षा तिथं पोरं तरी काहीतरी भाजतील."

ग्रंथपालांना काहीतरी बोलायचं होतं. तुझं गुणगुणणं ऐकण्यासाठी मी हे सगळं केलं, असं काहीतरी. पण ते वाक्य इतकी वर्षं जपून ठेवलेलं, की ऐनवेळी सापडेना. ते गच्चीवर जाऊन बसले. ऊन नेहमीसारखंच पडलं होतं. ते पहिल्यांदाच त्यांना उपऱ्यासारखं वाटलं.

रविवारी संध्याकाळी बाई टेम्पो घेऊन येणार असं ठरलं. रविवारी सकाळी ग्रंथपाल उठले, तर पडवीत भट्टीचा लाल दिवा लागलेला.

"हे काय? आज?"

"शेवटची," बायको म्हणाली. तिच्या कोपरापर्यंत माती वाळली होती. "आणि ही मी दिवसाच लावणार. तुमचे नियम तुमच्या पेटीला सांगा."

दुपारपर्यंत सगळं ठीक चाललं. मग आभाळ भरून आलं, कुठेतरी दूर धप्प असा आवाज झाला आणि सगळ्या गल्लीतले लाइट गेले. शेजारचा रेडिओ शब्दाच्या मधेच थांबला. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरत फिरत गप्प झाला. एवढी शांतता पसरली की चालत्या घराचा आवाज त्यात स्पष्ट ऐकू आला. चालत होतं ते ग्रंथपालांचं घर. लाल दिवा तसाच होता. भट्टी धपापत होती.

"थांबली नाही!" बायको पडवीतून ओरडली. "अहो, थांबली नाही! आता थांबली असती तर सगळी झिलई गेली असती!"

ग्रंथपालांची छाती फुगली. त्यांनी अभिमानाने मोबाइल काढला आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

आकडा होता नव्याण्णव.

ते बघत असतानाच अठ्ठ्याण्णव झाले.

त्यांनी सोलारवाल्याला फोन लावला. "अहो, धावा! गळती! बॅटरी उतरतेय!"

"लाइट गेलेत का साहेब तुमच्याकडे?"

"हो!"

"घरात काही चालू आहे?"

"भट्टी!"

"मग उतरणारच की. त्यासाठीच तर बसवलीय."

"अहो पण आजवर कधी उतरली नव्हती! इतके महिने झाले, कायम शंभर!"

"कायम?" सोलारवाला हळूच म्हणाला. "संध्याकाळी पण?"

"संध्याकाळी पण! मशीन, मोटर, इस्त्री सगळं चालवून!"

"साहेब, ती राखीवची पट्टी कुठं आहे तुमची?"

"शंभरावर," ग्रंथपाल ताठ मानेने म्हणाले.

"साहेब," सोलारवाला म्हणाला, आणि त्याच्या आवाजात आजारी माणसाशी बोलतानाची माया आली, "म्हणजे तुम्ही तिला सांगून ठेवलंय की लाइट जाईपर्यंत माझ्या उन्हाला कुणी हात लावायचा नाही. ती बिचारी भरून नुसती बसून राहिली. तुम्ही संध्याकाळी जे जे चालवलं, ते सगळं बाहेरच्या विजेवर. ते पण महागातल्या वेळेला."

फोन स्पीकरवर होता. आवाज ऐकू यावा म्हणून सासरे जवळ आले होते, आणि बायको हात पुसत दारात उभी होती.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," सासरे म्हणाले. मग गुडघ्यावरून हात फिरवत आणखी एकदा म्हणाले.

ग्रंथपालांनी बायकोकडे बघायचं टाळलं. ते बोळात जाऊन पेटीसमोर उभे राहिले. एक्क्याण्णव. नव्वद. आत रचलेलं ऊन चाललं होतं. तो गच्चीवरचा रविवार चालला, ती झोपेची दुपार चालली, कुठल्या तरी मंगळवारचं फिकट ऊन चाललं. भिंतीच्या आतून, तारेतून, पडवीत, भट्टीत, तिच्या कपांच्या अंगाखांद्यावर. त्यांनी हात लावला. पेटी पहिल्यांदाच किंचित कोमट लागली.

आणि मग त्यांच्या कानावर आलं. पडवीतून. सूर धड नाही, शब्द मुळीच नाहीत.

ग्रंथपालांचा जीव भांड्यात पडला. ते तिथेच बोळात जमिनीवर बसले. आकडा पंचाहत्तरवर गेला, साठावर गेला, तरी त्यांनी मोबाइल पुन्हा पाहिला नाही. (म्हणजे फारसा पाहिला नाही.)

संध्याकाळी चित्रकलेच्या बाई टेम्पो घेऊन आल्या. भट्टीजवळ गेल्या आणि झटक्यात मागे सरकल्या.

"अगं बाई! ही तर पेटलेली!"

"हो ना," बायको निरागसपणे म्हणाली. "उद्यापर्यंत हात लावता यायचा नाही."

ग्रंथपालांनी तिच्याकडे पाहिलं. टेम्पो येणार त्याच दिवशी भट्टी का लावली, ते त्यांना आत्ता कळलं. त्यांनी घसा साफ केला.

"बाई, भट्टी देता येणार नाही," ते म्हणाले. "पण पोरांनी केलेलं घेऊन या. इथंच भाजू. दिवसा." मग त्यांना स्वतःचंच नवल वाटलं, म्हणून घाईघाईने पुढे म्हणाले, "आणि ग्रंथालयातही पाठवा त्यांना. मातीकामावरची चांगली पुस्तकं आहेत. मी... देईन."

"तुम्ही पुस्तकं देता?" बाईंनी विचारलं. त्यांचंही नाव बहुधा जुन्या वाचकांत असावं.

टेम्पो रिकामा गेला. बायकोने नवऱ्याच्या हातून मोबाइल घेतला, पट्टी डावीकडे सरकवली, थोडंसं राखीव ठेवलं आणि मोबाइल स्वतःच्या खिशात टाकला. मग घरभर फिरून तिने सगळे दिवे लावले. बोळातला दिवा पुन्हा बसवायला ग्रंथपालच स्टुलावर चढले. सासरे डोळ्यांवर हात धरून मधे उभे राहिले आणि म्हणाले, "मध्यंतर झालं वाटतं."

दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली. सगळे कप धड निघाले होते, मधाच्या रंगाचे, काठाशी थोडे गडद. बायकोने एक वेगळा उचलून त्यात चहा ओतला आणि ग्रंथपालांच्या हातात दिला.

"हा तुमचा."

कप सुरेख होता. ग्रंथपालांचे डोळे भरून आले. आपल्या हातातलं हे ऊन आहे, आपणच जमवलेलं, असं त्यांच्या मनात आलं. आणि इतकी वर्षं जे वाक्य सापडत नव्हतं ते चक्क तोंडात आलं.

"तू गुणगुणतेस ना," ते म्हणाले, "ते ऐकायला मी पुढच्या खोलीत बसतो. वाचत नसतो मी."

"माहितेय," बायको म्हणाली. "पुस्तक उलटं असतं कधी कधी."

ग्रंथपालांनी चहा घेतला. असा कप रोज वापरून कसं चालेल, धुवून, पुसून, काचेच्या कपाटात सगळ्यांत वर ठेवू, असं ठरवत ठरवत त्यांनी तो टेबलावर ठेवला. कप कलंडला. त्यांनी पटकन सावरला, पुन्हा ठेवला. पुन्हा कलंडला. त्यांनी उचलून खालून पाहिलं. बूड गोल होतं, अंड्यासारखं.

"अगं, हा राहत नाही."

"राहणार नाही," बायको म्हणाली. "मुद्दाम तसा केलाय. हा ठेवायचा नाही. प्यायचा. पिऊन झाला की पालथा घालायचा."

ग्रंथपाल घरभर फिरले. खिडकीत ठेवून पाहिला, पुस्तकांच्या फटीत अडकवून पाहिला, पेटीच्या डोक्यावर ठेवून पाहिला. पालथा घालणं शक्यच नव्हतं. ते कप धरून बोळात उभे राहिले. वर दिवा लख्ख जळत होता.

सासरे कोडं घेऊन आले. त्यांनी जावयाकडे पाहिलं, कपात डोकावले.

"जावईबापू, राखीव किती?"

"एकच घोट," ग्रंथपाल ओशाळून म्हणाले.

"आणा इकडे," सासरे म्हणाले, आणि तो पिऊन टाकून त्यांनी कप ग्रंथपालांच्या तळहातावर पालथा घातला.